निदानविचार आणि शालेय भाषाशिक्षण

१

'निदान' हा शब्द मराठीत तीन अर्थांनी वावरतो. आयुर्वेदाच्या परिभाषेत त्याचा मूळ अर्थ 'कारण' असा आहे. निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती या पाच ज्ञानसाधनांना मिळून निदानपंचक म्हणतात, आणि त्यांतील पहिले निदान म्हणजे रोगाचा हेतू होय. आधुनिक मराठीत निदान म्हणजे रोगनिश्चय. आणि नित्याच्या बोलण्यात 'निदान एवढे तरी करा' असे म्हणताना तोच शब्द 'किमानपक्षी' या अर्थाने येतो. डॉक्टर विचार कसा करतो याचे वर्णन करावयाचे झाल्यास हे तिन्ही अर्थ उपयोगी पडतात. तो चिन्हांवरून कारणाकडे जातो, त्या कारणाला नाव देतो, आणि माहिती अपुरी असतानाही किमानपक्षी काय करणे अवश्य आहे ते ठरवितो.

हा विचार माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांना शिकविता येईल काय, आणि शिकविण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न प्रस्तुत लेखात विचारात घेतला आहे. वैद्यकाकडे वळू इच्छिणाऱ्या मुलांना पूर्वतयारी म्हणून हा विषय शिकवावा, असे उत्तर सहज सुचते. परंतु अशी मुले थोडी असतात. खरे प्रयोजन निराळे आहे. महाराष्ट्रातील कित्येक कुटुंबांत घरातील वडीलधाऱ्या माणसाला दवाखान्यात नेण्याचे काम शाळेत जाणाऱ्या मुलाकडे येते. आजी दोन वाक्ये बोलून गप्प बसते. उरलेले पंधरा वर्षांचा नातू सांगतो. त्या नातवाच्या वाक्यांवर डॉक्टरचा पहिला तर्क उभा राहतो. तेव्हा डॉक्टरला कोणत्या प्रकारची वाक्ये उपयोगी पडतात आणि कोणती दिशाभूल करतात, हे त्या मुलाला ठाऊक असणे ही केवळ बौद्धिक हौस नव्हे. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या रोगनिदानविषयक अहवालात, बहुतेक माणसांच्या वाट्याला आयुष्यात एकदा तरी चुकीचे किंवा उशिरा झालेले निदान येते, असा निष्कर्ष काढला असून रोगी आणि त्याचे कुटुंबीय यांना निदानकार्यातील भागीदार मानले आहे. भागीदाराला कामाची रीत माहीत असली पाहिजे.

ही रीत शाळेत शिकवावयाची तर तिचा आरंभ शरीरशास्त्राच्या तासाइतकाच मराठीच्या तासालाही होऊ शकतो, असे येथे प्रतिपादन आहे. कारण निदानविचाराची पहिली पायरी भाषिक आहे.

२

चिन्हावरून कारणाचे ज्ञान कसे होते, या प्रश्नाचा भारतीय न्यायशास्त्राने सूक्ष्म विचार केला आहे. कार्यावरून कारणाचे जे अनुमान होते त्याला 'शेषवत्' असे नाव असून, नदीला आलेल्या पुरावरून वर पाऊस पडल्याचे अनुमान हे वात्स्यायनाने दिलेले त्याचे उदाहरण आहे. रोगनिदान हे याच जातीचे अनुमान होय. तापाचा पूर दिसतो. पाऊस कोठे पडला ते शोधावयाचे असते.

न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात या अनुमानावर एक मार्मिक आक्षेप घेतला आहे. प्रवाहाला कोठे अडथळा झाला तरी नदी फुगते. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या म्हणजे पाऊस येणार म्हणावे, तर वारूळ मोडल्यानेही त्या निघतात. मोराचा शब्द ऐकला म्हणजे मोर आहे म्हणावे, तर त्याची नक्कल माणूसही करू शकतो. मग अनुमान हे प्रमाण कसे मानावे? या आक्षेपाला मिळालेले उत्तर आजच्या वैद्यकीय अध्यापकानेही मनन करावे असे आहे. वात्स्यायन म्हणतो की जाणता मनुष्य केवळ पाणी वाढले एवढ्यावरून पावसाचे अनुमान करीतच नाही. प्रवाहाचा वाढलेला वेग, पुष्कळ फेस, वाहत येणारी फळे, पाने आणि लाकडे, अशा विशेषांनी युक्त असलेले पाणी पाहून तो अनुमान करतो. दोष अनुमानाचा नाही. विशेषणाशिवाय चिन्ह घेणाऱ्याचा आहे.

'पोटात दुखते' हे विधान म्हणजे नुसते वाढलेले पाणी. त्यावरून काहीही ठरत नाही. फेस आणि पाने कोठे आहेत, हे विचारणे म्हणजे रोग्याची तपासणी.

३

हीच गोष्ट विसाव्या शतकाच्या अखेरीस वैद्यकीय शिक्षणाच्या अभ्यासकांनी वेगळ्या मार्गाने मांडली. जॉर्ज बोर्दाज आणि त्यांच्या सहकारी लमिय यांनी अर्थविचारातील संरचनात्मक पद्धती वापरून, डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी एखाद्या रुग्णाविषयी मोठ्याने विचार करताना जे बोलतात त्याचे पृथक्करण केले. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखातून असे दिसते की अचूक निदान करणारे लोक रोग्याचे शब्द जसेच्या तसे बाळगीत नाहीत. ते त्यांचे परस्परविरोधी अर्थांच्या जोड्यांमध्ये रूपांतर करतात. आकस्मिक की क्रमाक्रमाने आलेले, नवे की जुने, अखंड की थांबून थांबून येणारे, एका बाजूचे की दोन्ही बाजूंचे, एका जागी स्थिर की सरकणारे, अशा या जोड्या होत. त्यांना मराठीत 'अर्थविशेषक' म्हणता येईल. 'काल रात्रीपासून गुडघा सुजला आहे, मागच्या वर्षीही असेच झाले होते' हे रोग्याचे वाक्य ऐकून अनुभवी डॉक्टर मनाशी म्हणतो : आकस्मिक, पुन्हा उद्भवणारा, एकाच सांध्याचा दाह. हे रूपांतर झाले की त्याच्या स्मरणातील रोगांची मांडणी आपोआप चाळली जाते, कारण ती मांडणीही याच विशेषकांनी झालेली असते. उलट, अननुभवी विद्यार्थी पुष्कळ माहिती गोळा करतो, परंतु ती विशेषकांत बांधीत नाही, आणि म्हणून तिचा ढीग होतो.

मराठी बोलणाऱ्याच्या हाती या कामासाठी उत्तम साधने आहेत. दुखण्याच्या प्रकारांना कळ, चमक, सणक, ठणका, मुरडा, जळजळ, चुरचुर असे स्वतंत्र शब्द आहेत. तापाची 'कणकण' आणि 'हुडहुडी भरून आलेला ताप' यांत डॉक्टरला महत्त्वाचा वाटेल असा भेद आहे. याहूनही मोलाचे साधन म्हणजे क्रियापदाची रूपे. शालेय व्याकरणात साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीती असे काळाचे भेद शिकविले जातात व परीक्षेनंतर विसरले जातात. वस्तुतः हे भेद म्हणजे कालविषयक अर्थविशेषकच होत. 'पोटात दुखत आहे' आणि 'पोटात दुखत असते' या दोन वाक्यांत एका शब्दाचा फरक आहे. परंतु पहिल्यात आजची घटना आहे, तर दुसऱ्यात महिनोन् महिन्यांची रीत आहे. 'दुखू लागले' यात आरंभ आहे. 'दुखतच आहे' यातील 'च' अखंडता दाखवितो. 'दुखायचे' यात जुनी, आता थांबलेली सवय आहे.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. 'काल दुपारी बेंबीभोवती दुखू लागले, मग मळमळले, आणि आज सकाळपासून उजवीकडे खाली दुखतच आहे.' या वाक्यात दुखण्याचा आरंभ, त्याचे स्थलांतर, लक्षणांचा क्रम आणि अखंडता या चार गोष्टी आल्या आहेत. अपेंडिक्सला सूज येते तेव्हा प्रारंभी आतड्याच्या संवेदना अस्पष्टपणे पोटाच्या मध्यभागी जाणवतात. पुढे दाह पोटाच्या अस्तरापर्यंत पोचला म्हणजे दुखणे उजव्या बाजूस खाली नेमक्या जागी येते. चार्ल्स मॅकबर्नी या न्यूयॉर्कच्या शल्यविशारदाने १८८९ साली दाबल्यावर सर्वांत अधिक दुखणाऱ्या या जागेचे वर्णन केले. दूषित अन्नाने बिघडलेल्या पोटात बहुधा ओकारी आणि जुलाब आधी किंवा बरोबरच येतात. अपेंडिक्सच्या विकारात दुखणे बहुधा आधी येते. हा नियम अटळ नाही, परंतु तो पानाफुलांसारखा विशेष आहे. हेच सर्व जर मुलाने 'कालपासून पोट बिघडले आहे' असे सांगितले, तर नदी फुगली एवढेच डॉक्टरला कळेल.

४

'पोट बिघडले आहे' या वाक्यात आणखी एक दोष आहे. ते निरीक्षण नव्हे. तो निष्कर्ष आहे. मराठी घरांत रोगाविषयी बोलताना असे निष्कर्षवाचक शब्द विपुल वापरले जातात. 'उष्णता झाली', 'गॅस धरला', 'पित्त झाले' ही त्यांतील नित्याची. व्याकरणदृष्ट्या ती साधी विधाने दिसतात, आणि म्हणूनच ती फसवी आहेत. 'छातीत जळजळते' हे रोग्याने अनुभवलेले आहे. 'पित्त झाले' हे त्याने किंवा शेजाऱ्याने ठरविलेले आहे. हृदयविकाराचा झटका पुष्कळदा वरच्या पोटातील किंवा छातीतील जळजळीसारखा जाणवतो. पन्नाशीच्या गृहस्थाला जिना चढताना जळजळ होते, घाम सुटतो, बसले की बरे वाटते. परंतु घरात 'पित्त' हा शब्द एकदा उच्चारला गेला की जिना, घाम आणि विश्रांती या तिन्ही गोष्टी सांगण्याच्या राहून जातात. आल्याचा रस किंवा सोडा घेण्यात जी रात्र जाते, ती काही वेळा परत मिळत नाही.

ही चूक केवळ घरातली नाही. मार्क ग्रेबर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली निदानातील १०० चुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात विचारप्रक्रियेतील सर्वांत अधिक आढळलेला दोष म्हणजे अकाली निश्चय, म्हणजे एक समाधानकारक कारण सापडताच इतर शक्यतांचा शोध थांबविणे, हा होता. प्रशिक्षित डॉक्टरलाही जो मोह आवरत नाही, तो त्याच्या कानी पडणाऱ्या पहिल्या वाक्यातच नाव आले तर अधिक बळावतो. म्हणून अनुभवी डॉक्टर रोग्याने सांगितलेले नाव ऐकून घेतो आणि विचारतो : 'पित्त म्हणजे तुम्हांला नेमके काय होते?' विद्यार्थ्याने शिकावयाचा प्रश्न हाच आहे. निरीक्षणवाक्य आणि अनुमानवाक्य यांचा विवेक हा भाषाशिक्षणाचा जुनाच विषय आहे. येथे त्याला प्राणाचे मोल आहे.

५

विशेषकांनी संभाव्य कारणांची यादी तयार होते. वैद्यकात तिला विभेदक निदान म्हणतात. तिच्यातील कोणते कारण अधिक संभवनीय, हे ठरविण्यासाठी गणना लागते. आणि तेथेही भाषेचा प्रश्न उभा राहतो.

१९७८ साली हार्वर्डच्या रुग्णालयांतील ६० विद्यार्थी व डॉक्टर यांना एक प्रश्न विचारण्यात आला. एखादा रोग १००० माणसांत एकाला असतो. त्याच्या चाचणीत निरोगी माणसांपैकी शेकडा ५ जणांची चाचणीही चुकून रोगदर्शक येते. तर ज्याची चाचणी रोगदर्शक आली त्याला तो रोग असण्याचा संभव किती? ६० पैकी २७ जणांनी शेकडा ९५ असे उत्तर दिले. योग्य उत्तर ११ जणांनाच देता आले.

हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत मांडून पाहावा. चाचणी कोणताही रोगी चुकवीत नाही असे मानू. १००० माणसांपैकी एक रोगी आहे. त्याची चाचणी रोगदर्शक येते. उरलेल्या ९९९ निरोगी माणसांपैकी सुमारे ५० जणांचीही तशीच येते. म्हणजे रोगदर्शक चाचणीच्या ५१ जणांपैकी खरा रोगी एक, म्हणजे शेकडा सुमारे २. आकडे बदलले नाहीत, केवळ वाक्यरचना बदलली, आणि उत्तर डोळ्यांसमोर आले. गेर्ड गिगेरेंझर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने या मांडणीचा दीर्घ अभ्यास केला आहे. त्यांनी लिकी झू यांच्यासह २००६ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात बीजिंगमधील चौथी, पाचवी आणि सहावीच्या मुलांना अशी उदाहरणे दिली होती. शेकडेवारीत मांडलेली उदाहरणे मुलांना सुटली नाहीत. मोजणीच्या भाषेत मांडताच चौथीत सरासरी शेकडा १९, पाचवीत ३९ आणि सहावीत ५३ उत्तरे बरोबर आली. जे अकरा-बारा वर्षांच्या मुलाला साधते ते दहावीच्या विद्यार्थ्याला अशक्य मानण्याचे कारण नाही.

मराठीत या मांडणीला 'पैकी' हे शब्दयोगी अव्यय जणू तयारच आहे. 'शेकडा ५' म्हणताना कशाचा शेकडा ते वाक्यात दिसत नाही. 'निरोगी ९९९ पैकी ५०' म्हणताना 'पैकी' त्या समूहाचे नाव घ्यावयास भाग पाडतो. ज्या वाक्यात 'पैकी'च्या आधीचा शब्द सांगता येत नाही, ते संभवाचे वाक्य अर्धवट समजावे, हा नियम वर्गात पाच मिनिटांत सांगता येतो.

समूह बदलला की संभवही बदलतो, हे यातूनच कळते. मुंबईत २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर लेप्टोस्पायरोसिसचा उद्रेक झाला. उन्हाळ्यात ताप आणि अंगदुखी घेऊन आलेल्या माणसाविषयी ज्या शक्यतेचा विचार मागे राहील, ती अशा पुरानंतर पुढे येते, आणि 'साचलेल्या पाण्यातून चालला होता काय?' हा प्रश्न अग्रक्रमाचा ठरतो. लक्षणे तीच असतात. ज्यांच्यापैकी तो एक आहे ती माणसे बदललेली असतात.

६

या योजनेवर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की ज्ञानावाचून विचारपद्धती शिकविता येत नाही. एल्स्टाइन, शुलमन आणि स्प्राफ्का यांनी १९७८ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून या आक्षेपाला बळ मिळते. डॉक्टर अगदी प्रारंभीच मोजके तर्क करतात आणि त्यांच्या अनुरोधाने प्रश्न विचारतात, असे त्यांना आढळले. परंतु एका रुग्णाच्या बाबतीत दिसलेले कौशल्य दुसऱ्या रुग्णाच्या बाबतीत दिसेलच असे नाही, असेही आढळले. निदानशक्ती ही रोगांच्या ज्ञानाशी बांधलेली आहे. हा आक्षेप मान्य केला पाहिजे. शाळेतून निदान करणारे विद्यार्थी निघणार नाहीत, आणि तसा हेतूही नसावा.

दुसरा आक्षेप भाषेविषयीचा आहे, आणि भाषाभ्यासकाने तो अधिक गांभीर्याने घ्यावा. रोग्याचे शब्द कितपत विश्वसनीय? 'चक्कर येते' या तक्रारीत गरगरणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे आणि तोल जाणे असे भिन्न अनुभव असतात, आणि १९७२ पासून वैद्यकात त्यांच्या प्रकारांवरून कारण शोधण्याची रीत रूढ होती. परंतु डेव्हिड न्यूमन-टोकर व सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवून दिले की तेच प्रश्न थोड्या मिनिटांनी पुन्हा विचारले असता सुमारे निम्म्या रोग्यांनी मुख्य प्रकाराविषयी वेगळे उत्तर दिले. चक्कर किती वेळ टिकते आणि कशाने सुरू होते, याविषयीची उत्तरे मात्र अधिक स्थिर होती. यावरून शब्दसंपत्तीचा अभिमान आवरता घेणे प्राप्त आहे. दुखणे 'कसे' आहे यापेक्षा ते केव्हा सुरू झाले, किती टिकते, कशाने वाढते, कशाने थांबते आणि त्याबरोबर आणखी काय होते, या प्रश्नांवर अध्यापनाचा भर असावा. म्हणजे विशेषणांपेक्षा क्रियापदे आणि क्रियाविशेषणे अधिक मोलाची.

तिसरा आक्षेप असा की अर्धवट ज्ञानाने मुले घरीच औषधोपचार करू लागतील. हे भय रोगांची नावे आणि औषधे शिकविण्याच्या बाबतीत खरे आहे. येथे शिकवावयाचे ते नाव घेण्याचे थांबविणे. जो विद्यार्थी 'पित्त' या शब्दाशी अडखळून 'म्हणजे काय होते?' असे विचारील, तो आजीला सोडा देण्याऐवजी दवाखान्यात नेण्याचा संभव अधिक.

७

प्रत्यक्ष पाठाची रचना अवघड नाही. १९६३ च्या सुमारास हॉवर्ड बॅरोज यांनी लॉस एंजेलिस येथे निरोगी व्यक्तीला रोग्याची भूमिका शिकवून वैद्यकीय विद्यार्थ्यांपुढे बसविण्याची पद्धत सुरू केली, आणि ती पुढे जगभर रूढ झाली. शाळेत शिक्षकाने हीच भूमिका घ्यावी. त्याने प्रथम एकच वाक्य बोलावे : 'पोटात दुखते.' विद्यार्थ्यांनी प्रश्न विचारावेत. विचारल्यावाचून काहीही सांगू नये. फळ्यावर चार रकाने असावेत. पहिल्यात रोग्याचे शब्द जसेच्या तसे. दुसऱ्यात त्यांतून निघणारे अर्थविशेषक. तिसऱ्यात संभाव्य कारणे, निदान तीन. आणि चौथ्यात प्रत्येक कारणासमोर, कोणते उत्तर मिळाल्यास ते कारण खोडता येईल, याची नोंद. रोग्याच्या तोंडून एखादा निष्कर्षवाचक शब्द मुद्दाम घालावा आणि तो पहिल्या रकान्यात तपासल्यावाचून कोणी लिहितो काय, ते पाहावे. अखेरीस रोगाचे नाव सांगितले नाही तरी चालेल. गुण द्यावयाचे झाल्यास ते नावाला न देता प्रश्नांना आणि चौथ्या रकान्याला द्यावेत.

या शेवटच्या सूचनेत आजच्या शिक्षणपद्धतीशी विरोध आहे. वैद्यकीय प्रवेशाची राष्ट्रीय परीक्षा चार पर्यायांतून एक अचूक पर्याय निवडण्याची आहे, आणि शाळेतील अभ्यासही हळूहळू तिच्या वळणावर जातो. तेथे माहिती पूर्ण दिलेली असते आणि उत्तर आधीच ठरलेले असते. रोग्यासमोर यांतील एकही गोष्ट खरी नसते. अनिश्चितता मान्य करूनही सुसंगत पाऊल कसे टाकावे, हे ज्याने कधी केलेले नाही, त्याला पुढे डॉक्टर झाल्यावर ते नव्याने शिकावे लागते. आणि जो डॉक्टर होणार नाही, त्याला ते शिकण्याची संधी बहुधा शाळेतच मिळते. वर सुचविलेल्या पाठाला लागणारे व्याकरण पाठ्यक्रमात आहे, शब्द मुलांच्या घरात आहेत, आणि एक तासिका पुरेशी आहे. शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलाला दवाखान्याच्या बाकावर बसून, काय झाले हे काय वाटते याहून वेगळे करून सांगता यावे, एवढी अपेक्षा भाषाशिक्षणाकडून बाळगणे अवास्तव नाही.